तीन बैठका

आमच्या अकोल्याच्या बाजारात कापसाचा भाव तोंडाने ठरत नसे. शेतकऱ्याच्या वतीने दलाल आणि कापसातून सरकी काढणाऱ्या जिनवाल्या शेठच्या वतीने त्याचा माणूस गाडीच्या सावलीत उकिडवे बसत. दोघांच्या उजव्या हातांवर उपरणे टाकले जाई आणि त्याखाली बोटे दाबून सौदा चाले. भोवती माणसे उभी असत, पण भाव कोणाला कळत नसे. मी माळ्याचा मुलगा. लहानपणी मेथी-वांग्याच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या, आणि पुढे दलाली शिकून याच एका हातावर घर बांधले.

पंचावन्नाव्या वर्षी तो हात कापू लागला.

पाणी पिताना कापला तर दोन घोट सांडतात, एवढेच. उपरण्याखाली मात्र समोरचा माणूस तुमचा हातच वाचत असतो. बोट थरथरले की तो समजतो, हा घाबरला, अजून खाली येईल. एका फाल्गुनात, भर उन्हात, एका जिनच्या तरुण माणसाने माझी बोटे तशीच धरून ठेवली आणि मोठ्याने विचारले, "काका, थंडी वाजून राहिली का तुमाले?"

भोवतालचे हसले. मी उपरणे ओढून त्याच्या तोंडावर फेकले, नको ते बोललो आणि सौदा मोडला. वीस वर्षे माझ्याकडेच येणाऱ्या त्या शेतकऱ्याने बैल जुंपले. "तुमी आराम करा जी आता," एवढे म्हणून त्याने गाडी दुसऱ्या दलालापुढे नेली. त्याचे काही चुकले नव्हते. हात माझा कापत होता, पण भाव त्याच्या कापसाचा पडणार होता.

डॉक्टरने सांगितले, वय झाले, बाजार सोडा. त्याच्याशीही मी भांडलो.

वाढत्या वयात शरीर कसे राखावे हे जाणणारा एकच माणूस मला माहीत होता, आणि त्याचे तोंड मी पस्तीस वर्षे पाहिले नव्हते. अमरावतीत भाजी विकत होतो तेव्हा मी त्या वस्तादाच्या आखाड्यात जात असे. कौंडण्यपूरच्या जत्रेतल्या कुस्तीला तो मलाच उतरवणार, असे मी धरून चाललो होतो. ऐन वेळी त्याने एका वकिलाच्या मुलाला उतरवले. त्या मुलाला मी सरावात दोनदा चीत केले होते. मी आखाडा सोडला आणि पुढे अमरावतीही सोडली. नंतर अमरावतीला कामाने गेलो तरी त्या गल्लीतून कधी गेलो नाही.

आता मात्र बडनेऱ्याला गाडी बदलून मुद्दाम गेलो. वस्ताद ऐंशीचा असेल. अंगावर मांस उरले नव्हते, पण पाठ सरळ होती. त्याने मला ओळखले नाही आणि मीही ओळख दिली नाही.

"कावून आला?"

"हात कापते, वस्ताद."

"बस खाली." मी बसलो. "आता ऊठ."

मी जमिनीवर हात टेकून उठलो.

"हात मंग पाहू," तो म्हणाला. "हात वरचा मजला हाय. तुहं जोतंच हाललं."

"जोर किती मारू?"

"एकबी नाही."

"बैठका?"

"पाच. वाशाले दोर बांध, तो धरून."

"पाच त पोट्टे हसत हसत मारते. पंचवीस करा."

"चार."

"अजी, मी वाढवून राहिलो, अन् तुमी कमी करून राहिले!"

"तीन."

मी हात जोडले. सौद्यात मी हात जोडल्याचे मला दुसरे आठवत नाही.

मग त्याने दिवस आखून दिला. सकाळी मोर्णा नदीच्या काठाने चालायचे, पण सोबतच्याशी बोलता येईल इतकेच भरभर. तीन बैठका, आणि पंधरा दिवस काही दुखले नाही तरच चौथी. दातवण करताना भिंतीजवळ एका पायावर उभे राहायचे, मग दुसऱ्या. ओले धोतर दोन्ही बाजूंनी पिळायचे, म्हणजे मनगटात जोर राहतो. रात्रीचे जेवण हलके. आठवड्यातून एक दिवस काही करायचे नाही, आणि तो दिवस चुकवायचा नाही.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात वेगळेच शिजले. याने तेव्हा मला डावलले आणि आताही मापात मारले, असे वाटू लागले. तीन बैठका म्हणजे चेष्टा! कसेबसे बारा दिवस काढले. तेराव्या दिवशी बदाम भिजवले, दुधात तूप घातले आणि जुन्या सवयीने पन्नास जोर मारले. दुसऱ्या सकाळी उजवा खांदा धरला. भरला तांब्या उचलेना. सगळा पावसाळा मी डाव्या हाताने जेवलो.

बायको म्हणाली, "बाजारात दुसऱ्याचा शब्द न् शब्द तोलता. इथं त्या म्हाताऱ्यानं तीन बैठका सांगतल्या, तुमी पन्नास जोर मारले. आता कोनाले शिव्या देता?"

खांदा थोडा सुटल्यावर पुन्हा अमरावती गाठली. वस्तादाने खांदा दाबून पाहिला. त्याने पुन्हा तीनच बैठका सांगितल्या, याचाच मला राग आला. मग मी सगळे ओकलो. कौंडण्यपूर, वकिलाचा मुलगा, पस्तीस वर्षे.

"मले याद नाही, बापा," तो म्हणाला. "नसंल नेलं तुले. लय पोट्टे होते."

बस, इतकेच. त्याने कारण दिले असते तर मी भांडलो असतो. त्याला मी आठवतच नव्हतो, आणि त्यावर भांडता येत नव्हते.

मग त्याने तुळईला बांधलेला दोर धरला आणि माझ्यासमोर सावकाश बैठका मारू लागला. मी मोजल्या. सात झाल्या आणि तो थांबला.

"बाकीच्या?" मी विचारले.

"झाल्या ना. मी सातच मारतो. दहा मारत होतो, मागच्या साली कमी केल्या."

मी परत आलो आणि तीनच बैठका मारू लागलो. अढी गेली, असे म्हणणार नाही. पहाटे दोर धरताना कधीकधी ती कुस्ती आठवे आणि जबडा आवळला जाई. पण चौथी बैठक पंधरा दिवसांनीच घेतली, आणि पाचवी त्यानंतर.

दिवाळीनंतर गाड्या येऊ लागल्या. तोच शेतकरी माझ्या समोरून जात होता. मी त्याला हाक मारली आणि सांगितले, "हात अजून कापते. एक गाडी देऊन पाह्य. भाव नाही पटला त सौदा तोडून टाक." त्याने जरा विचार करून बैल सोडले.

समोर तोच तरुण बसला. उपरण्याखाली माझे बोट थरथरले, त्याने ते ओळखले आणि खालचा भाव दाबला. मी माझाच भाव पुन्हा दाबला. तो थोडा चढला, मी हललो नाही. गाडीची सावली सरकली, ऊन आमच्या पाठीवर आले. तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकू लागला, मग एक गुडघा जमिनीला टेकला. माझे पाय शांत होते. हात कापतच होता आणि मी तो त्याच्या हातात तसाच ठेवला.

"घ्या काका, तुमचंच खरं," तो वैतागून म्हणाला. शेतकऱ्याने भाव ऐकून मान डोलावली.

पण एका गाडीला इतका वेळ लागला की माझ्यासाठी थांबलेल्या दोन गाड्या दुपारपर्यंत तशाच होत्या. त्या हंगामात मी मोजक्याच गाड्या घ्यायचे ठरवले. ज्याला घाई असे त्याला मीच दुसऱ्या दलालाचे नाव सांगत असे. पहिल्या वेळी ते नाव माझ्या तोंडून लवकर निघाले नाही.