तिथलं पाणी कसंय?

चिंचेनं निम्मे देव घासून झाले, तोच ओसरीवर आवाज चढले. अंथुर्ण्याचं उसाचं रान विकून कोकणात समुद्राकाठी पर्यटकांना भाड्यानं द्यायला घर घ्यायचं, असं आमच्या ह्यांचं ठरलेलं. आज इसार पाठवायचा होता. पण मामंजी, सावळारामतात्या, विहिरीचं पाणी चाखल्याशिवाय जमीन घेत नाहीत.

“तितलं पाणी पिलास का?”

“तात्या, पाव्हणं बाटलीचं पित्यात.”

“आन् आंघुळ बी बाटलीनंच करत्यात व्हय?”

ह्यांनी रागानं दलालाला फोन लावला, स्पीकरवर.

“विहीर खारट आहे, पण टँकर येतो. लवकर बोला, दुसरं गिऱ्हाईक बसलंय.”

ह्यांचं बोट फोनवर थबकलं. मी मनात खंडोबाला हाक मारली. शेवटी ह्यांनी फोन ठेवला.

उद्या सकाळी दोघं बापलेक दुसऱ्या घराची विहीर बघायला कोकणात निघालेत.