मोजल्याशिवाय 'बेटर' नाही

खोटं लिहिता न आल्यामुळे इंग्रजीत नापास झालेला माणूस अख्ख्या पश्चिम उपनगरांत एकच, आणि तो नेमका कांदिवलीच्या चाळीत आमच्या शेजारी राहायचा. काका मालवणकडचे. गिरणीत कापड तपासायला होते. गजाने मोजल्याशिवाय ताग्यावर शिक्का मारायचे नाहीत. संपात गिरणी गेली, मोजायची खोड तेवढी राहिली. मग साकीनाक्याच्या एका कारखान्यात माल उचलायला लागले. मालक म्हणाला, "दहावी व्हा, स्टोअरकीपर करतो. ऑक्टोबरपर्यंत थांबतो." बाकीचे विषय सुटले होते, इंग्रजी अडलं होतं. शिकवायला मी, कॉलेजात जाणारा फुकटचा मास्तर!

'गुड'चं 'बेटर' का होतं, हे त्यांना चटकन पटलं. "पोरगी सासरी गेली की नाव बदलतं, तसंच ना रे?" माझी वाट लागली ती तुलनेच्या वाक्यांत. 'राजू वडिलांपेक्षा उंच आहे' याचं इंग्रजी करायला दिलं, तर काका टेप घेऊन समोरच्या राजूकडे. बापलेकांना दाराला टेकवून रेघा मारल्या. बाप अर्धा इंच उंच निघाला. राजू आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. 'गोराईचे मासे इथल्यापेक्षा ताजे' या वाक्यासाठी तर रविवारी होडीने गोराईला गेले. एकेक बांगडा नाकाशी! कोळीण खेकसली, "मावरं घ्यायचं हाय का निस्तं हुंगायचं?" शेवटी चार घेतले. उन्हातून घरी येईपर्यंत ते मलूल झाले, तेव्हा इथल्या बाजारातले चार शेजारी ठेवून काकांनी गंभीरपणे वहीत लिहिलं, 'ॲज फ्रेश ॲज'. धन्य तो विद्यार्थी!

मार्चच्या पेपरात आलं, घरच्या माणसावर 'बेस्ट' वापरून वाक्य लिहा. काकांनी जागा कोरी सोडली आणि दोन मार्कांनी गेले. मी भडकलोच. "अहो, 'माझी बायको जगात बेस्ट' एवढं लिहायला काय जात होतं?"

"जगातल्या बायका मी कुठे बघितल्यात?"

आत काकी भाकरी थापत होती. आवाज जरा थांबला, पुन्हा सुरू झाला. असा राग आला मला काकांचा! दुसऱ्या दिवसापासून काकीने दोन घरची भांडी धरली. काकांनी जादा पाळी सोडून अभ्यासाला बसावं म्हणून.

ऑक्टोबरला काका पास झाले. त्यांनी पेढा दिला तेव्हा मी विचारलं, "या वेळी तुलनेचं काय आलं होतं?"

"बेटर. लिहिलं, माझी बायको माझ्यापेक्षा बेटर आहे."

"तपासलंत?"

"निकाल लागल्यापासून तेच बघतोय रे," काका मान खाली घालून म्हणाले.

मी ते काकीला मराठीत सांगितलं. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "मग ह्या माका सांगूक काय झाला हुता?"

काका उठले, दारात उभे राहिले आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ते वाक्य इंग्रजीतून ओरडले. मराठीत लाज वाटत होती ना! आता दोघंही नाहीत. तो आवाज मला फार आठवतो.