बाबांना हवी असलेली एकच फाइल

संशय आमच्या घरात पिढीजात आहे. बाबा कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहतात आणि त्यांच्यामागे उभी राहून मी चौथ्यांदा ओढते. त्यामुळे बाबांचा नागपूरला फोन आला, की कॉम्प्युटर सुरू होत नाही आणि मी त्याला हातही लावलेला नाही, तेव्हा त्यातला दुसरा भाग मी ऐकताक्षणी खोटा धरला. मी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. बंद पडलेल्या मशीनला कोणीच कधी हात लावलेला नसतो, हे मी तिथे रोज ऐकते.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून आमच्या गावी, अड्याळला, एकटेच राहतात. गल्लीच्या टोकाला माझा चुलतभाऊ राहतो, त्याला मी दादा म्हणते. आमचं धानाचं शेत तोच करतो आणि बाबांकडे रोज सकाळी एक चक्कर मारतो. मशीन गावातल्या दुकानात नेऊन दाखव असं मी दादालाच सांगणार होते, पण बाबांनी साफ नकार दिला. दुकानवाले आतलं सगळं काढून घेतात, असं त्यांचं म्हणणं. बुद्धवंदनेच्या ओळी, शाळेचे जुने फोटो आणि वीजबिलाच्या पावत्या, यातलं दुकानवाल्याने काय काढून घेतलं असतं हे मी विचारलं. बाबा म्हणाले, तू ये.

शनिवारी सकाळची बस धरली. वाटेतलं शहापूर येईपर्यंत मला झोप लागते, त्या दिवशी लागली नाही. दुकानात न्यायला इतका विरोध का, हे डोक्यातून जात नव्हतं.

घरी पोचून मशीन लावलं, तर स्क्रीनवर निळ्या रंगात इंग्रजी मजकूर होता. दुरुस्तीचा प्रयत्न केला, जमला नाही, एवढाच त्याचा अर्थ. काय झालं होतं, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, काहीच नाही. दुसऱ्या चहानंतर खरं बाहेर आलं. मंगळवारी दुपारी मशीन बंद करताना पडद्यावर आलं होतं, की अपडेट चालू आहे, बंद करू नका.

"मी काही मागितलं नव्हतं," बाबा म्हणाले. "मंग हा घरात घुसून काय करून राहिला होता? वरून म्हणते, बंद करू नका. तिथंच मले शंका आली."

म्हणून त्यांनी भिंतीवरचं बटणच बंद केलं होतं. अर्ध्या कामात वीज गेली की मशीनला स्वतःची सुरुवातच सापडत नाही. मी चिडले, पण मनातल्या मनात कबूल केलं, की त्यांच्या जागी मीही बटणच दाबलं असतं.

दुरुस्तीसाठी काळी खिडकी उघडावी लागते. तिथे चित्रं नाहीत, माउस नाही, फक्त आपण टाइप करायचं आणि मशीनने उत्तर द्यायचं. बाबांनी खुर्ची माझ्या खांद्याला चिकटवून घेतली, चष्मा पुसला आणि मी मारलेल्या प्रत्येक ओळीचा अर्थ विचारायला सुरुवात केली. मी सी ड्राइव्हमधली यादी मागितली. उत्तर आलं, की फाइल नाही. बाबांचा चेहरा उतरला. गेलं का सगळं, असं त्यांनी इतक्या हळू विचारलं, की मला त्यांची दया आली. दुरुस्तीच्या खिडकीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, आपला सी तिथे डी होऊन बसतो. मी डी टाइप केलं आणि यादी भराभर खाली धावली.

आता आधी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेते, मग दुरुस्तीला हात लावते, असं मी सांगितलं. दुरुस्ती फसली तर निदान फाइली तरी हाती राहतील.

बाबा म्हणाले, सगळं नको. एकच फाइल घे, बाकी गेलं तरी चालेल.

कोणती, असं मी विचारलं. मग कशाला हवी, असं विचारलं.

"ते तुह्या दादासाठी आहे," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

झालं. मला पुढचं सगळं समजलं, म्हणजे समजलं असं वाटलं. मृत्युपत्र. घर दादाच्या नावावर. तीन खोल्या, विहीर आणि सीताफळाची दोन झाडं, एवढंच ते घर. मला ते नकोच आहे, मी काही अड्याळला येऊन राहणार नाही. पण मला न विचारता दिलेलं मला चालत नाही. दादाच्या रोजच्या चकरा आठवल्या आणि त्या प्रत्येक चकरेला मी मागाहून एकेक हेतू चिकटवत गेले.

यादीत बाबांनी मराठीत ठेवलेल्या फाइली होत्या खऱ्या, पण काळ्या खिडकीला देवनागरी येत नाही. प्रत्येक नावाच्या जागी रिकामे चौकोन. मी म्हटलं, नाव वाचता येत नाही. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कॉपी करताना सापडलेली विद्यार्थिनी आहे.

"तुले दिसून राहिलं, तू सांगून नाही राहिली."

"बाबा, मले खरंच चौकोनच दिसते."

त्यांनी नाक पडद्याला लागेपर्यंत वाकून स्वतः खात्री केली. मग त्या फाइलमध्ये शेवटचं कधी लिहिलं होतं, ते मी विचारलं. मंगळवारी, असं ते नाइलाजाने म्हणाले. तारखेवरून फाइल सापडली आणि मी ती पेन ड्राइव्हवर उतरवली. त्यांनी लगेच हात पुढे केला, पेन ड्राइव्ह घेतला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. पेन ड्राइव्ह माझा होता.

तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू जायला लागलं आणि बाबा उठले. मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी मशीनला त्यातली मूळ फाइल पडद्यावर दाखवायला सांगितलं. अख्खा पडदा परक्या चिन्हांनी भरला, कुठेच काही वाचता येईना. फक्त आकडे तेवढे शाबूत होते. एक मोबाइल नंबर दादाचा, त्याच्या खाली एक माझा. वारसांचेच नंबर असणार, दुसरं काय. बाबांची पावलं ऐकून मी पडद्यावरचं पुसलं.

पुढचे दोन तास आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. डिस्क तपासणारी चेकडिस्क लावली, ती अकरा टक्क्यांवर अडली आणि बराच वेळ तिथेच राहिली. बाबांनी दोनदा विचारलं, की मी मुद्दाम तर थांबवलं नाही. मग मशीनच्या सुरुवातीचा भाग दुरुस्त करायची कमांड दिली, तर उत्तर आलं, ॲक्सेस इज डिनाइड. बाबांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, परवानगी नाही. मलाही परवानगी नाही, हे ऐकून त्यांना बरं वाटलेलं स्पष्ट दिसलं. शेवटी जुनं जोडत बसण्याऐवजी सुरू होण्याच्या फाइली नव्याने लिहायची कमांड दिली. ती एका झटक्यात झाली. मशीन पुन्हा चालू केलं. ठिपके गोल फिरले, आणि बाबांच्या शाळेच्या शेवटच्या दिवसाचा फोटो पडद्यावर आला.

मी फोटोकडे पाहत सरळ विचारलं, "बाबा, घर दादाच्या नावावर केलं काय?"

बाबांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, वाच.

वर लिहिलं होतं, मी गेल्यावर करायच्या गोष्टी. खाली दादाचं नाव, नंबर आणि त्याला उद्देशून मुद्दे. पुण्यानुमोदनाचं जेवण साधं ठेवायचं. माझी पुस्तकं शाळेला द्यायची. घर तिचं आहे, विकायचं की ठेवायचं ते तिला ठरवू द्यायचं. मग माझा नंबर आणि त्याखाली हे:

"तिला फोनवर खरं सांगायचं नाही. समोरच्या घरच्या पोरीला बाप गेल्याचं पुण्याला फोनवर एकदम सांगितलं, ती अख्खा रस्ता रडत आली. आमची एकटी बसने येईल. आजारी आहे म्हटलं तरी तिला कळेल, ती संशयी आहे. म्हणून सांगायचं, घरात चोरी झाली, लवकर ये. ती वाटभर चोर शोधत येईल आणि घरापर्यंत नीट पोचेल. पहिला संशय ती तुझ्यावरच घेईल. तेवढं सहन कर."

मला आधी रागच आला. मग इतकं रडू आलं, की बाबा घाबरले आणि पाण्याचा ग्लास घेऊन आले. सकाळपासून मी दादावर जे जे रचलं होतं, ते आधीच माफ करून ठेवलेलं होतं, तेही लेखी.

"हे नाही चालत आता," मी म्हटलं. "मले माहीत झालं."

"म्हणूनच तुले पाहू देत नव्हतो," बाबा म्हणाले.

त्यांनी चोरीची ओळ खोडली आणि माझ्याकडे पाठ करून, एकेक अक्षर शोधत, तिथे दुसरं काहीतरी टाइप केलं. मी तोंड फिरवून बसले. काय लिहिलं ते मी आजवर पाहिलेलं नाही.

पण त्यामुळे एक झालं. पूर्वी फक्त चोरीची बातमी खोटी निघाली असती, आता गावाकडून येणारं काहीही खोटं असू शकतं. मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. तळ्यातले शिंगाडे निघालेत, चांगले मोठे आहेत, उद्या येऊन घेऊन जा. मी म्हटलं, आधी बाबाले फोन दे. तो म्हणाला, काका आंघोळीला गेले. मी म्हटलं, मी थांबते. त्यानेही फोन ठेवला नाही. बाबांनी त्यालाही ती नवी ओळ सांगितली असणार. बऱ्याच वेळाने न्हाणीचं दार वाजलं आणि बाबांनी फोन घेतला.

"शिंगाडे खरेच आहेत," ते म्हणाले. मग म्हणाले, "या बारी खरेच आहेत."

मी दुसऱ्या दिवशी गेले.