मंदारचा गुडघा

तमाम जनतेस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या कॉलेजच्या मंदारचे नेम सलग तिसऱ्या बास्केटबॉल सामन्यात चुकले आहेत. कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर आम्हा पोट सुटलेल्या माजी विद्यार्थ्यांची तातडीची बैठक भरली.

"प्रेमात पडलाय," एकाचं निदान.

"छे, माज आलाय," दुसऱ्याचं.

मी उठून त्याचा चुकलेला नेम साभिनय करून दाखवला आणि हशा वसूल केला. तेवढ्यात समोरच्या जिन्यावरून मंदार उतरताना दिसला. कठडा धरून, आडवा, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. माझी ऐंशीची आई अशी उतरते. हा जेमतेम वीस वर्षांचा.

मी खाली बसलो. आपण ज्याच्यावर जीव टाकतो म्हणतो, त्याच्या जिवाचं आपल्याला कितपत पडलेलं असतं?

शेवटी आमचा नाना मनापासून हळहळला, "फायनलपर्यंत तरी टिकायला हवा होता रे गुडघा."