शंभर शब्द आणि एकटी फांदी

पामर्स्टन नॉर्थमध्ये मी नेमकं काय काम करते हे बहिणीला फोनवर तीनदा समजावून सांगितलं. तिन्ही वेळा तिने शेवटी तेच विचारलं, "पण त्या भाषा तुला येतात का?" येत नाहीत. आफ्रिकेच्या खालच्या अर्ध्या भागातल्या कितीतरी बांटू भाषांचे शब्द माझ्या संगणकात आहेत, आणि त्यातल्या एकाही भाषेत मला चहा मागता येणार नाही. माझं काम भाषा बोलण्याचं नाही, त्यांची आपापसातली नाती लावण्याचं आहे. पुण्यात मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. नवरा गेल्यावर त्याच्या चपला दारातून उचलायच्या की नाहीत हे मला वर्षभर ठरवता येईना, तेव्हा इथल्या विद्यापीठातला दोन वर्षांचा करार दिसला आणि मी अर्ज टाकला.

रीत सोपी आहे. प्रत्येक भाषेतून शंभर साधे शब्द घ्यायचे: पाणी, डोळा, जीभ, आग, कुत्रा, ऊ, मरणं. असे शब्द माणसं सहसा शेजाऱ्यांकडून उसने आणत नाहीत, आणले असलेच तर ते आपण यादीतून काढून टाकायचे. मग एकेक शब्द आसपासच्या भाषांतल्या शब्दांना लावून बघायचा. एकाच मुळातून आलेला दिसला तर एक, नाहीतर शून्य. 'तीन'ला यातल्या बहुतेक भाषांत 'तातू'चंच काहीतरी रूप सापडतं, आणि मुलाला 'म्वाना' नाहीतर त्याच्या जवळपासचं काहीतरी. या एक-शून्यांवरून प्रोग्राम झाड काढतो. खोडाशी असते ती काही हजार वर्षांपूर्वी कॅमेरूनच्या बाजूला बोलली जाणारी भाषा, जी आज कोणीच बोलत नाही.

ऑफिसात लोक चांगले होते. इथल्या माओरी नमस्कारासकट "किया ओरा, हाऊ आर यू?" म्हणायचे आणि मी तोंड उघडेपर्यंत कॉरिडॉरच्या टोकाला पोचलेले असायचे. मराठी मंडळीही होती. गणपतीला, दिवाळीला आवर्जून बोलवायची. पण तिथे सगळे जोडीजोडीने बसायचे, आणि बायका मुलांच्या शाळांचं झोनिंग आणि घरांचे भाव यांच्यापलीकडे जात नसत. "काकू, तुम्ही एकट्या कशा राहता हो इकडे? आय मीन, इट्स सो क्वाएट ना," असं एकीने विचारलं आणि उत्तर न ऐकता रायता वाढायला उठली. मला फार एकटं वाटायचं. हे वाक्य इतकं सरळ लिहायला मला दोन वर्षं लागली.

ही गोष्ट जिची आहे ती म्हातारी मला भेटली तिच्या मुलामुळे. तो इथल्याच एका संशोधन संस्थेत जनावरांचा डॉक्टर आहे. एका चहापानात माझं काम ऐकून म्हणाला की उत्तर मलावीत, सरोवराच्या काठी, आमची एक छोटी भाषा आहे, चारपाच गावांत बोलतात, कोणी कधी लिहून घेतलेली नाही. "यादी द्या, मी लंचमध्ये भरून देतो," तो म्हणाला. मी लगेच शहाणपणा पाजळला. शहरात शिकलेल्या माणसाची भाषा भेसळीची होते, शुद्ध शब्द हवे असतील तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे जावं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. तसं त्याला तोंडावर सांगितलंही. तो हसला आणि इथल्या लोकांसारखं "स्वीट ॲज", म्हणजे चालेल की, असं म्हणाला. "मग आईकडेच या."

दर शनिवारी सकाळी मी सायकलवरून तिच्याकडे जायचे. ती मुला-सुनेकडे राहायची, पण शनिवारी ती दोघं मुलांना घेऊन क्रिकेटच्या मैदानावर गेलेली असत. नातवंडांना तिची भाषा कळायची, उत्तर मात्र इंग्लिशमधून यायचं. ती उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची परात मध्ये ठेवायची. आम्ही शेंगा सोलत बसायचो आणि मोडक्या इंग्लिशमध्ये बोलायचो. मी नाकाला हात लावायचे, ती शब्द सांगायची. शंभर शब्द दोन शनिवारांत झाले असते. आम्हाला दहा शनिवार लागले, कारण संपवायची घाई दोघींपैकी कोणालाच नव्हती.

झाड काढलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले. सरोवराकाठच्या साऱ्या भाषा एका झुबक्यात होत्या आणि हिची फांदी त्यांच्या कितीतरी आधी, खाली, एकटीच फुटलेली. शंभरातले वीसेक शब्द शेजारच्या कुठल्याच भाषेशी जुळत नव्हते. 'पाणी'सुद्धा नाही. आमच्या प्रमुखांनी ते झाड पाहिलं आणि म्हणाले, हे तू क्राइस्टचर्चच्या परिषदेत मांड, तुझ्याच नावाने. दोन वर्षांत माझ्या हातून निघालेली अशी ही एकच गोष्ट होती. ती टिकली तर मी इथे येऊन काहीतरी केलं असं मला म्हणता येणार होतं.

मी ते झाड छापून टेबलासमोर लावलं. हळूहळू मला त्या फांदीचा लळा लागला. फार पूर्वी कोणीतरी आपली माणसं सोडून निघाली असतील, पुढे कुणाला भेटलीच नसतील, अशा कहाण्या मी मनात रचायचे. कधीकधी ऑफिसात कोणी नसलं की तिच्याशी मराठीत बोलायचे. हसू नका. त्या मजल्यावर माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोण होतं?

परिषदेला दोन आठवडे होते. आभार मानायला मी बेसनाचे लाडू घेऊन गेले, तर त्या शनिवारी पावसामुळे मॅच रद्द झालेली आणि मुलगा घरी. आईला पाणी देताना त्याने काहीतरी विचारलं. त्यात पाण्यासाठीचा शब्द मला ओळखू आला. सरोवराकाठच्या सगळ्या भाषांत आहे तोच. म्हातारीने उत्तर दिलं त्यात मात्र तिचा तो वेगळा शब्द.

"बघा," मी विजयी मुद्रेने म्हटलं, "तुमच्या बोलण्यात शेजारच्या भाषेतला शब्द आलाच."

तो गोंधळला. "नाही, हा आमचाच आहे. सगळं गाव हेच म्हणतं. फक्त आई म्हणत नाही."

"का?"

"आजोबांच्या नावात या शब्दातला आवाज आहे ना. सून सासऱ्याचं नाव कसं घेईल? नावातला आवाजही नाही घ्यायचा. चुलत आजोबांच्या नावांचंही तसंच. लग्न होऊन आल्या आल्या बायका दुसरे शब्द शिकतात." एवढं साधं मला कसं माहीत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मला माहीत होतं! माझ्या आईने जन्मात आमच्या वडिलांचं नाव घेतलं नाही, मंगळागौरीत उखाण्यातून एकदा घेतलं असेल तेवढंच. माझी मावशी दिव्याला मरेपर्यंत 'ज्योत' म्हणत राहिली, कारण तिच्या सासऱ्यांचं नाव 'दिवा'वरून सुरू होत होतं. आम्ही भावंडं तिला चिडवायचो, मुद्दाम 'मावशी, दिवा लाव' म्हणायचो. एखाद्या गोऱ्या संशोधकाची ही चूक झाली असती तर मीच नाक मुरडलं असतं. आणि मी, सदाशिव पेठेत वाढलेली बाई, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या सुनेपुढे यादी घेऊन बसले आणि तिच्या बदली शब्दांची एक प्राचीन भाषा करून ठेवली. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

सोमवारी ते वीसेक शब्द बाजूला काढून पाहिले. शेजारच्या भाषांतल्या त्या त्या शब्दांत तेच दोनतीन आवाज फिरून फिरून येत होते. पहिल्या दिवशी मांडून बघितलं असतं तर एखाद्या पोरालाही दिसलं असतं. तरी मी तीन दिवस गप्प राहिले. हेही लिहायला हवं. ती यादी जगात फक्त माझ्याकडे होती. ती तपासायला मलावीच्या त्या चारपाच गावांत कोण जाणार होतं? मी परिषदेचं भाषण रोज वाचत होते आणि रोज त्यातलं एकही वाक्य बदलत नव्हते. चौथ्या दिवशी म्हातारीच्या मुलाला फोन करून गावात चालणारे ते शब्द लिहून मागितले.

शनिवारी ते घेऊन तिच्यासमोर बसले. तिला ते उच्चारता येणार नव्हते, म्हणून मीच एकेक वाचायचा आणि तिने मान हलवायची असं ठरलं. आधी तिने पदर नीट करावा तसं खांद्यावरचं कापड नीट केलं. मी 'पाणी' वाचलं. तिने डोळे मिटून मान हलवली. 'आग' वाचलं, मान हलली. 'जीभ', 'रस्ता', 'येणं'. प्रत्येक होकाराबरोबर माझी फांदी त्या झुबक्याच्या जवळ सरकत होती, आणि मी तरीही पुढचा शब्द वाचत होते. दोनच शब्दांना तिने नाही म्हटलं. पुढे सोमवारी झाड पुन्हा काढलं तेव्हा तिची भाषा सरोवराकाठच्या भाषांच्या अगदी मधोमध, चारी बाजूंनी बहिणींनी घेरलेली निघाली. प्रमुख म्हणाले, "नो वरीज, असं होतं." भाषण रद्द झालं. पण ते नंतर.

यादी संपल्यावर मी तिला विचारलं, सासरा कसा होता?

"खडूस," ती म्हणाली. "माझ्या हातचं कधी गोड म्हणून खाल्लं नाही त्याने. मरून चाळीस वर्षं झाली."

"मग इतक्या लांब, या घरात, ते शब्द बोललात तर ऐकणार कोण?"

"मी ऐकते ना," ती म्हणाली.

ज्या शब्दांवरून मी तिच्या भाषेला एकटी ठरवलं होतं, ते शब्द म्हणजे तिचं भरलेलं घर होतं. सासरा, त्याचे भाऊ, चाळीस वर्षांपूर्वी गेलेली सगळी माणसं तिच्या जिभेवर अजून राहत होती. मला तिचा हेवा वाटला. त्या छापील फांदीवर इतका जीव का लावला होता तेही तेव्हाच कळलं.

मग तिने विचारलं, "तुमच्याकडे असतं असं?" मी आईचं आणि मावशीचं सांगितलं. ती खूश झाली, टाळी देण्यासाठी हात पुढे केला.

"आणि तू?" ती म्हणाली. "तू कुठले शब्द टाळतेस?"

मी खरोखरच विचार केला. सासूसासरे केव्हाच गेले. नवऱ्याला मी कॉलेजपासून नावाने हाक मारायचे, आणि आता मारायची वेळच येत नाही.

"एकही नाही," मी म्हटलं. "मला सगळे शब्द बोलता येतात."

तिचा हसरा चेहरा एकदम उतरला. तिने माझा हात हातात घेतला आणि एखाद्या आजारी माणसाला विचारावं तसं हळूच विचारलं, "सगळे?"