इस्त्रीताईची वेल

माझ्या थोरल्या बहिणीला सगळी गल्ली ‘इस्त्री’ म्हणते. कपड्यांशी तिचा काडीचाही संबंध नाही. फोटो स्टुडिओत तिने उभी हयात लोकांचे चेहरे संगणकावर सपाट करण्यात घालवली. सुरकुत्या, मस, देवीचे वण, तिच्या हातून काही म्हणून सुटायचं नाही. एकदा तिने एका गृहस्थांचा गालावरचा मस इतका सफाईने उडवला, की त्यांच्या बायकोने फोटो परत पाठवला, म्हणे हे आमचे नव्हेत. त्यावरून ही शहाणी झाली असेल असं तुम्हाला वाटेल. कसली होतेय!

स्टुडिओ बंद पडला तेव्हा मी तिला माझ्या टॅटूच्या दुकानात आणलं. टॅटू एकदा काढला की जन्माला पुरतो, म्हणून गिऱ्हाइकाला आधी त्याच्याच हाताच्या फोटोवर नक्षी बसवून दाखवायची, हे तिचं काम. कागदावरची नक्षी फोटोवर नुसती ठेवली तर तिकीट चिकटवल्यासारखी दिसते, कारण हात गोल असतो. ताई संगणकावर त्या नक्षीवर चौकटींची जाळी टाकते आणि जाळीचा एकेक बिंदू ओढत बसते. कडेला रेषा दाटीने बसवते, मध्ये सैल सोडते, मग नक्षी हाताला वळसा घालते. मला ते जमत नाही. ती शिकवायला लागली की मी सुया साफ करायला उठतो.

एक दिवस तलावावर पोहायला शिकवणाऱ्या एक बाई दुकानात आल्या. भर उन्हात मनगटापर्यंत बाह्या. उकळतं पाणी सांडून त्यांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता, त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या पाण्यात उतरल्या नव्हत्या, काठावर उभ्या राहून शिट्टी फुंकायच्या. आता त्यांना पुन्हा पाण्यात उतरायचं होतं, आणि त्यासाठी हात झाकायला वेल हवी होती. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं होतं. फोटोसाठी बाही वर करतानासुद्धा त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

मी वेल काढली, ताईने फोटोवर चढवली. काय बसली होती म्हणून सांगू! सावलीसुद्धा जिथल्या तिथे. बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि बाही खाली ओढली.

“हा हात माझा नाही,” त्या म्हणाल्या, आणि पर्स उचलून चालू लागल्या.

झालं होतं असं, की वेल चढवण्याआधी ताईने सवयीने व्रणच पुसून टाकला होता. जित्याची खोड, दुसरं काय. मी तिला नाही नाही ते बोललो. तिने मूळ फोटो उघडला, चष्मा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आता खरी पंचाईत होती. व्रण म्हणजे नुसत्या गाठी, वळ्या आणि खळगे. वेल त्यांच्यावरून न्यावी तर प्रत्येक उंचवट्यावर रेषा मोडायची. गिऱ्हाइकं येत-जात होती, चहा निवत होता, आणि ही आपली बिंदू ओढतेय. शेवटी मीच म्हटलं, व्रण जरा पुसट कर की, कुणाच्या बापाला कळणार आहे? तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

“तिला कळेल,” ताई म्हणाली. “आणि माझी जाळी नाही चुकत, तुझी वेल चुकतेय. कागद बघून काढलीस. आता हात बघून काढ.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. संध्याकाळपर्यंत मी धुसफुसत होतो. मग तो फोटो समोर घेऊन बसलो. जिथे वळी उठली होती तिथून देठ नेला, गाठीवर कळी बसवली, खळग्यात पान टेकवलं. ताईने पुन्हा जाळी टाकली, आणि या खेपेला रेषा मोडली नाही. मात्र पहिल्या वेलीचा गुळगुळीतपणा हिच्यात नव्हता. बाईंना ती आवडेल अशी खात्री मला नव्हती, आणि ताईलाही नसावी.

फोनवर बाईंनी चक्क नाही म्हणून सांगितलं. तेव्हा ताई स्वतःच तलावावर गेली. तिथे काय बोलली कोण जाणे, पण बाईंना घेऊनच परतली.

बाई खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, वेल बाजूला करून दाखवा. ताईने वेल लपवली. पडदाभर नुसता भाजलेला हात. मी मनात म्हटलं, गेलं गिऱ्हाईक, आता कायमचंच. पण बाईंनी मान वळवली नाही. त्यांनी वेल परत लावायला सांगितली, परत लपवायला, परत लावायला. शेवटी मनगट आणि कोपर यांच्या मधोमध पडद्यावर बोट ठेवलं.

“वेल इथपर्यंतच,” त्या म्हणाल्या. “वरचा हात राहू दे आहे तसा.”

मी तोंड उघडणार तोच ताईने टेबलाखालून लाथ घातली.

ठरल्या दिवशी मी सुया मांडून बसलो होतो. बाई आल्या त्या अर्ध्या बाह्यांत. वेल अजून कागदावरच होती, आणि बाई भर बाजारातून उघड्या हाताने चालत आल्या होत्या. त्यांनी हात टेबलावर ठेवला. मी नेहमीप्रमाणे बजावलं, की टॅटू झाला की काही आठवडे पोहायचं नाही.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणून सकाळीच जाऊन आले.”

त्यांचे केस अजून ओले होते.