दिवसाची पहिली फुंकर

आकडा पुन्हा चढा आला तेव्हा ताईंनी हातातला चिमटा टेबलावर आपटला. प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताईच म्हणत. बावीस वर्षं त्याच स्टुलावर काढलेली. झिंक ऑक्साइडचे डोळ्यांना न दिसणारे कण काचेच्या चकतीवर पसरायचे, चकती डबीत बंद करून तापवायची आणि दारूची वाफ सोडली की विजेचा प्रवाह किती वाढतो ते मोजायचं, एवढंच काम. पण तीन महिने झाले, रोज सकाळचं पहिलं मोजमाप बिघडलेलं. डबीत नुसती हवा, आणि हा सेन्सर म्हणतो, दारू आहे! दुपारपर्यंत स्वारी आपोआप ताळ्यावर.

चकत्या बदलल्या, तारा बदलल्या, कणांची नवी पूड केली. सरांचं पालुपद एकच, "कण नीट भाजले नसतील, ताई." भाजून भाजून ताईंचंच डोकं तापलं होतं.

त्यात धाकट्या भावाचा घोर. तो बसचा ड्रायव्हर. डेपोतल्या यंत्राने दोनदा त्याच्या श्वासात दारू दाखवली होती. तिसऱ्यांदा दाखवली की नोकरी गेली. "थेंबसुद्धा घेतला नाही गं," तो काकुळतीला येऊन सांगत होता. पूर्वी तो प्यायचा, म्हणून ताईंनी फटकन सुनावलं, "यंत्राचं तुझ्याशी काय वैर आहे? खोटारडा आहेस." तेव्हापासून अबोला.

पुन्हा पहिल्यापासून करू म्हणून ताईंनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. काम सुरू करण्याआधी डबी पुसायची, ही बावीस वर्षांची सवय. बोळा तीन महिन्यांपूर्वी बसवलेल्या रबरी झाकणावर फिरला, वास नाकात गेला आणि हात जागीच थांबला. स्पिरिट म्हणजे दुसरं काय, अल्कोहोलच! ते रबरात मुरत होतं आणि दुपारपर्यंत उडत होतं. रोज सकाळी आपणच पाजायचं आणि वर त्यालाच शिव्या घालायच्या. ताईंना स्वतःची भयंकर चीड आली.

त्यांनी झाकण बदललं, डबी नुसत्या पाण्याने धुऊन वाळवली. आकडा शून्यावर.

त्यांनी भावाला फोन लावला. "डेपोतल्या यंत्राची नळी कशाने पुसतात रे?"

"स्पिरिटने. हल्ली दर सोमवारी सकाळी."

"आणि त्यानंतर पहिली फुंकर कोणाची?"

"माझीच. पहिली गाडी माझी असते ना. असायची. आज तिसऱ्यांदा झालं, ताई. घरीच बसलोय."

"चुकलं रे माझं," ताई म्हणाल्या. मग त्यांनी सेन्सरची डबी पिशवीत टाकली, स्पिरिटची बाटलीही टाकली.

"ऊठ, चपला घाल. डेपोत जायचंय. साहेबांसमोर नळी पुसून घेऊ, आणि आज पहिली फुंकर मी मारणार."